भाड्याचे घर पाहुण्यांना देणारी बर्लिनमधील सेवा : चादरी स्वच्छ, जबाबदारी भाडेकरूची

बर्लिनमध्ये भाड्याने राहणारा मराठी माणूस दीड-दोन महिन्यांसाठी पुण्याला किंवा कोल्हापूरला जायला निघाला, की विमानाच्या तिकिटाबरोबर आणखी एक हिशेब त्याच्या डोक्यात सुरू होतो. घर रिकामे राहणार, भाडे मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जाणारच, आणि त्याच काळात शहरात पर्यटकांची रीघ लागलेली असणार. या हिशेबावरच आपला व्यवसाय उभा करणाऱ्या एका सेवेचे हे परीक्षण आहे. भाडेकरू परदेशी असताना त्याचे घर दोन-चार रात्रींसाठी पाहुण्यांना देणे, किल्ल्यांची देवघेव करणे, साफसफाई करवून घेणे आणि उत्पन्नातून आपले कमिशन कापून उरलेली रक्कम भाडेकरूच्या खात्यात जमा करणे, असे तिचे स्वरूप आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही. याच धर्तीच्या आणखी दोन सेवांच्या अटी मी वाचल्या, त्यांतही मुख्य दोष तोच दिसला. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या सेवेचे आहे असे समजावे.

आधी चांगली बाजू सांगतो, कारण ती खरोखरच चांगली आहे. कंपनीचा प्रतिनिधी ठरलेल्या वेळी घरी आला, त्याने दोन्ही खोल्यांची मापे घेतली, खिडकीतून येणारा उजेड पाहून कोणत्या कोनातून छायाचित्रे काढावीत हे ठरवले आणि देवघराचा कोनाडा छायाचित्रात येऊ नये अशी माझी इच्छा असल्यास तसे सांगावे, असे आपण होऊन सुचवले. बर्लिनमध्ये कारागिरांची शनिवारची वेळ मिळवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना या तत्परतेची किंमत कळेल. चादरी आणि टॉवेल कंपनीचे, धुलाई कंपनीची, पाहुण्यांच्या रात्री-अपरात्रीच्या फोनना उत्तर देणे कंपनीचे काम. दुसऱ्याच दिवशी ई-मेलने उत्पन्नाचा अंदाजपत्रक-तक्ता आला. त्यात आठवड्याचे दिवस आणि शनिवार-रविवार यांचे वेगवेगळे दर होते, रिकाम्या रात्रींची वजावट होती, कमिशन स्पष्ट लिहिले होते. तक्त्याच्या तळाशी हिरव्या रंगात आलेली रक्कम माझ्या महिन्याच्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

या तक्त्यात एक रकाना नव्हता, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. भाडेकरू या व्यवहारात नेमके काय पणाला लावतो, त्याचा हा रकाना.

महाराष्ट्रात ज्यांनी लिव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांच्या करारावर घरे घेतली आहेत, त्यांना भाड्याचा करार ही तात्पुरती, पुन्हापुन्हा नूतनीकरण करण्याची आणि मालकाने मनात आणल्यास सहज संपणारी गोष्ट वाटते. करार गेला तर दुसरे घर बघू, ही वृत्ती त्या सवयीतून येते. जर्मनीत साधारण निवासी करार बेमुदत असतो. मालकाला तो सहजासहजी संपवता येत नाही. स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या वापरासाठी घर हवे आहे, अशासारखे कायद्याने मान्य केलेले कारण त्याला दाखवावे लागते. चालू करारातले भाडेही मनाला येईल तसे वाढवता येत नाही. ते त्या भागातील तुलनात्मक भाड्याच्या पातळीपर्यंतच नेता येते, आणि बर्लिनसारख्या घरटंचाईच्या शहरात तीन वर्षांत १५ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. परिणामी, आठ-दहा वर्षांपूर्वी केलेला करार आणि त्याच इमारतीत आज होणारा नवा करार यांत मोठी तफावत पडते. जुना करार हातात असणे ही या शहरात एक मालमत्ताच आहे. कंपनीच्या तक्त्यात दोन महिन्यांची जमा मांडलेली असते, पण ती जमा मिळवण्यासाठी ही मालमत्ता तारण ठेवली जात आहे हे कोठेही लिहिलेले नसते.

करारनामा मागवून वाचला तेव्हा तारण कसे ठेवले जाते ते कळले. पंधरा पानी मसुद्यात साफसफाईची पद्धत दोन पानांवर होती आणि परवानग्यांचा विषय एका परिच्छेदात संपला होता. ‘यजमान अशी हमी देतो की, सदर घर अल्प मुदतीसाठी देण्याकरिता आवश्यक त्या सर्व खाजगी व शासकीय परवानग्या त्याच्याकडे आहेत,’ अशा अर्थाचे एक वाक्य (‘यजमान’ म्हणजे येथे घर देणारा भाडेकरू), आणि त्याला लागूनच, अशा परवानगीच्या अभावी कंपनीला काही नुकसान झाल्यास ते यजमानाने भरून द्यावे, असे दुसरे. अर्जाच्या ऑनलाइन आवृत्तीत या दोन्ही वाक्यांसाठी मिळून एकच चौकोन होता, त्यावर टिचकी मारली की पुढचे पान उघडत असे. परवानग्या कोणत्या, कोणाकडून घ्यायच्या, त्यांना किती वेळ लागतो, याचा मदत-पानांवरही उल्लेख नव्हता. उशांच्या अभ्र्यांचे कापड कोणते, हे मात्र सांगितले होते.

प्रतिनिधीला मी याबद्दल विचारले. त्याचे उत्तर असे होते : ‘तुमच्या भाडेकरारात पोटभाडेकरू ठेवायला मुभा आहे ना? मग झाले तर!’ हे उत्तर तो प्रामाणिकपणे देत होता असे मला वाटते, आणि म्हणूनच ते अधिक धोकादायक आहे.

जर्मन नागरी संहितेच्या ५४० व्या कलमानुसार, मालकाच्या परवानगीवाचून भाडेकरूला घराचा वापर तिसऱ्या व्यक्तीला देता येत नाही. पुढे ५५३ वे कलम भाडेकरूच्या मदतीला येते : करार झाल्यानंतर काही रास्त कारण निर्माण झाले, तर घराचा काही भाग दुसऱ्याला देण्याची परवानगी तो हक्काने मागू शकतो. नोकरीनिमित्त काही काळ परदेशी जावे लागणे, उत्पन्न घटल्यामुळे भाड्याचा भार वाटून घ्यावासा वाटणे, अशी कारणे यात बसतात. मात्र ही सारी तरतूद एका ठरावीक माणसासाठी आहे. मालकाला पोटभाडेकरूचे नाव विचारण्याचा अधिकार आहे आणि त्या विशिष्ट व्यक्तीबाबत सबळ आक्षेप असल्यास तो नकार देऊ शकतो. आता दर तीन रात्रींनी बदलणाऱ्या पाहुण्यांची नावे भाडेकरू आधी कोठून देणार? ज्या माणसाने अजून विमानाचे तिकीटही काढलेले नाही, त्याच्यासाठी परवानगी मागता येत नाही. अल्प मुदतीचा पाहुणा या कलमाच्या चौकटीत मुळातच बसत नाही; मालक उदार आहे की खडूस, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग करारात सरसकट मुभा दिलेली असेल तर? हाच प्रश्न बर्लिनमधील एका खटल्यात कार्ल्सरूहे येथील जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे गेला होता. तेथील भाडेकरूला मालकाने पोटभाडेकरू ठेवण्याची लेखी परवानगी दिली होती, तीही प्रत्येक वेळी चौकशी न करता. भाडेकरूने इंटरनेटवर जाहिरात देऊन घर पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, मालकाने इशारा देऊन पुढे करार संपवला. ८ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की, पोटभाडे हे साधारणपणे काही काळ टिकणारे असते, येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने घर देणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि वेगळा स्पष्ट उल्लेख नसेल तर पोटभाड्याची परवानगी तिला लागू होत नाही. म्हणजे प्रतिनिधीचे ‘मग झाले तर’ हे उत्तर चुकीचे ठरून दशकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि या काळात त्या कंपनीचा व्यवसाय वाढतोच आहे.

परवानगीवाचून घर दिले तर मालक आधी लेखी इशारा देतो आणि तरीही प्रकार चालू राहिला तर ५४३ व्या कलमाखाली मुदत न देता करार संपवू शकतो. मुदत न देता याचा अर्थ नेहमीची किमान तीन महिन्यांची सूचनाही नाही. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बर्लिनच्या जिल्हा न्यायालयाने २०१५ साली इशाऱ्यानंतरही ऑनलाइन जाहिरात चालूच ठेवणाऱ्या भाडेकरूविरुद्ध निर्णय दिला. जाहिरात कंपनीच्या खात्यातून चालत असेल, भाडेकरू पुण्यात असेल आणि मालकाचे पत्र बर्लिनच्या टपालपेटीत पडून असेल, तर ती जाहिरात वेळेत उतरवणार कोण? टपाल उघडून पाहणे आणि कळवणे ही सेवा कंपनी देते का, असे मी विचारले. देत नाही. पाहुण्यांची तक्रार एका तासात हाताळण्याची हमी देणाऱ्या सेवेत ही उणीव मला अक्षम्य वाटते.

मालकानंतर क्रम लागतो बेत्सिर्क्सआम्टचा, म्हणजे जिल्हा कचेरीचा. बर्लिनमध्ये अशा बारा कचेऱ्या आहेत. शहरातील राहत्या घरांचा अन्य कारणासाठी वापर रोखणारा कायदा येथे मे २०१४ पासून लागू आहे आणि २०१८ मध्ये तो अधिक कडक झाला. स्वतःचे मुख्य निवासाचे घर आपल्या अनुपस्थितीत पूर्णपणे पाहुण्यांना द्यायचे असेल तर या कचेरीची परवानगी लागते. ऑगस्ट २०१८ पासून जाहिरातीत कचेरीने दिलेला नोंदणी क्रमांक दाखवणे बंधनकारक आहे. उल्लंघनाबद्दल दंडाची कमाल मर्यादा ५,००,००० युरो आहे. एवढा दंड एखाद्या खोलीवजा घराच्या भाडेकरूला होत नसतो हे खरे, पण ही मर्यादा कोणत्या वृत्तीने ठरवली गेली ते त्यावरून समजते. शेजाऱ्यांना संशय आल्यास तक्रार करण्यासाठी शहराने ऑनलाइन अर्जही ठेवला आहे. दर शुक्रवारी जिन्यातून चाकांच्या बॅगा खडखडत वर जाऊ लागल्या, की तळमजल्यावरच्या आजींना वेगळा पुरावा लागत नाही.

मालकाची परवानगी आणि कचेरीची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एकीमुळे दुसरी मिळत नाही. हे येथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या मंडळींत याविषयी बराच गोंधळ आहे. गणपतीच्या एका कार्यक्रमात ओळखीच्या गृहस्थांनी मला ठामपणे सांगितले, ‘अहो, नंबर मिळाला ना, मग मालकाचा संबंधच काय? आणि इथे सगळेच देतात की!’ कचेरी शहराच्या घरटंचाईच्या दृष्टीने पाहते, मालक त्याच्या कराराच्या दृष्टीने. कचेरीचा कागद हातात असलेला भाडेकरूही घराबाहेर निघू शकतो.

या टप्प्यावर कंपनीने सुचवलेला उपाय हा या परीक्षणातला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. बर्लिनच्या नियमांत एक सवलत आहे : भाडेकरू स्वतः त्या घरात राहत असेल आणि घराच्या निम्म्याहून कमी क्षेत्रफळाचा भागच पाहुण्यांना देत असेल, तर कचेरीची परवानगी लागत नाही, नोंदणी क्रमांक मात्र लागतो. प्रतिनिधीने मला सांगितले की, जाहिरातीत फक्त छोटी खोली दाखवू, दुसरी खोली ‘यजमानाची’ म्हणून बंद आहे असे लिहू, आणि पाहुणे आल्यावर ती त्यांना उघडून देऊ. त्यामुळे क्रमांक लवकर मिळतो. बोलता बोलता त्याने टॅबलेटवर तसा नमुना भरूनही दाखवला. माझ्या घराच्या नकाशात झोपण्याच्या खोलीवर करड्या रंगाची तिरपी रेघाटणी केली गेली आणि खाली क्षेत्रफळाचा आकडा ४७ टक्क्यांवर आला. त्या अर्जाखाली सही माझी असणार होती. मी सहा हजार किलोमीटर दूर असताना ‘यजमान घरी राहत आहे’ असे सरकारी कचेरीला सांगणारी सही! एखाद्या प्रतिनिधीचा हा वैयक्तिक उत्साह असेल असे मला प्रथम वाटले. नंतर आलेल्या ई-मेलमध्ये हाच पर्याय ‘जलद मार्ग’ या नावाने छापलेला होता.

किल्ल्यांचा मुद्दा लहान वाटतो, पण जर्मनीतल्या इमारतींत तो लहान नसतो. अनेक इमारतींत मुख्य दरवाजा, तळघर आणि घर यांना एकाच सामायिक कुलूपव्यवस्थेची किल्ली चालते, आणि त्या किल्लीची नक्कल सहज होत नाही. ही कंपनी सायकल लावण्याच्या लोखंडी कठड्याला आकड्यांचे कुलूप असलेली किल्लीपेटी अडकवते. ती किल्ली हरवली तर संपूर्ण इमारतीची कुलपे बदलण्याचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एवढा दिलासा दिला की, कुलपे प्रत्यक्षात बदलली तरच तो खर्च मागता येईल, केवळ अंदाजपत्रक दाखवून नाही. मात्र पाहुण्याच्या हातून काही बिघडले, तर ५४० व्या कलमाच्या दुसऱ्या भागानुसार मालकासमोर जबाबदार भाडेकरूच असतो. मालकाने परवानगी दिलेली असली तरीही.

‘आमच्याकडे विमा आहे’ हे या सेवांचे आवडते वाक्य. एअरबीएनबीसारखा पाहुण्यांना घरे मिळवून देणारा ऑनलाइन मंचही यजमानांना नुकसानीपोटी ३० लाख डॉलरपर्यंतचे संरक्षण जाहीर करतो. फुटलेला टीव्ही किंवा डाग पडलेला सोफा यासाठी ते उपयोगी असेल. करार गेल्याचे नुकसान, म्हणजे पुढील कित्येक वर्षे दरमहा द्यावे लागणारे वाढीव भाडे, कोणताही विमा भरून देत नाही. स्वतःच्या दायित्व-विम्याचे (आपल्या हातून झालेले दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या विम्याचे) कागद अशा वेळी जरूर काढून वाचावेत. पैसे घेऊन पाहुणे ठेवल्यास संरक्षण मिळते की नाही, हे त्या पॉलिसीत पाहिल्याशिवाय कळत नाही.

कराबाबत थोडक्यात. बर्लिनचा मुक्काम-कर जानेवारी २०२५ पासून साडेसात टक्के झाला आहे. मिळालेले उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. राहत्या घराचा भाग तात्पुरता दिल्यास वर्षाला ५२० युरोपर्यंतच्या जमेला सूट देणारी सवलत आहे, ती या सेवेच्या तक्त्यातल्या दुसऱ्या आठवड्यातच ओलांडली जाते. पूर्वी ‘कोणाला कळते?’ असे म्हणण्याची सोय होती, ती आता उरलेली नाही. २०२३ पासून ऑनलाइन मंचांना यजमानांचे उत्पन्न करखात्याला कळवावे लागते, आणि अल्प मुदतीच्या मुक्कामांच्या माहितीविषयीचा युरोपीय संघाचा २०२४ चा नियम २० मे २०२६ पासून लागू करण्याचे ठरले आहे. कंपनीच्या करारनाम्यात कराविषयी एकच वाक्य आहे : ‘कर ही यजमानाची बाब आहे.’

कंपनी स्वतःला युरोपातील चार शहरांत काम करणारी म्हणवते, आणि बर्लिन, पॅरिस, लंडन व ॲमस्टरडॅम या चारही शहरांसाठी करारनाम्याचा मसुदा तोच आहे, फक्त शहराचे नाव बदलते. कायदा मात्र शहरागणिक असा बदलतो की एकच मसुदा चारही ठिकाणी चालवणे याला धाडस म्हणावे की बेफिकिरी, हे कळेनासे होते. जर्मनीत पोटभाड्यातून मिळालेला नफा मालकाला मागता येत नाही, असे सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले आहे. भाडेकरूचे घर जाऊ शकते, पण झालेली कमाई सहसा त्याच्याकडे राहते. पॅरिसमध्ये नेमके उलटे आहे. तेथील एका जोडप्याने मालकाच्या परवानगीविना घर पाहुण्यांना दिले होते. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१९ रोजी सांगितले की, हे उत्पन्न म्हणजे मालमत्तेचे फळ आहे आणि ते मालकाचे आहे. त्या जोडप्याला २७,२९५ युरो मालकाला द्यावे लागले. ते तर मधल्या काळात स्वतःचे भाडेही वेळच्या वेळी भरत होते! लंडनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार वर्षाला ९० रात्रींपर्यंत नियोजन खात्याची परवानगी लागत नाही, आणि अनेक भाडेकरू ही ९० रात्रींची मुभा मालकानेच दिली आहे अशा थाटात वावरतात, वास्तविक त्यांच्या भाडेकराराशी तिचा काहीही संबंध नाही. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये वर्षाला ३० रात्रींची मर्यादा घातली. युरोपाबाहेर न्यूयॉर्कमध्ये तर नियम आणखी कडक आहेत : तेथे सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाला नोंदणी करावी लागते, पाहुणे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत आणि यजमान स्वतः त्या घरात हजर असावा लागतो. पुण्याला गेलेल्या भाडेकरूच्या जिवावर तेथे धंदा करताच येत नाही.

या सेवेला पर्याय काय, हे सांगितल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. मी बर्लिनर मीटरफेराइनचा, म्हणजे १८८८ पासून चालत आलेल्या भाडेकरू संघटनेचा, सल्ला घेतला. सदस्यत्वाच्या वर्गणीत वकिलाचा सल्ला अंतर्भूत असतो. समोर बसलेल्या बाईंनी माझा करार वाचायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्या वेळात कंपनीच्या प्रतिनिधीने दोन खोल्यांची छायाचित्रे काढून संपवली होती. पण त्या वाचत असताना प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक खुणा करत होत्या आणि वाचून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुम्ही परत केव्हा येणार आणि तुमचे सामान घरात राहणार आहे का. हा प्रश्न कंपनीने विचारलाच नव्हता.

त्या प्रश्नामागे २०२३ चा एक निकाल आहे, आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भाडेकरूने तो माहीत करून घ्यावा. बर्लिनमधील एका खोलीच्या घराचा भाडेकरू नोकरीनिमित्त सुमारे दीड वर्षासाठी परदेशी जाणार होता आणि त्याने तेवढ्यापुरता पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी मागितली. मालक म्हणाला, एकच खोली आहे, तिचा ‘काही भाग’ कसा देणार? भाडेकरूने आपले सामान एका कपाटात, एका ड्रॉवरच्या पेटीत आणि बोळाच्या टोकाला पडदा लावून वेगळ्या केलेल्या, एक मीटर बाय अर्धा मीटर जागेत ठेवले, आणि एक किल्ली स्वतःकडे ठेवली. १३ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तेवढे पुरेसे मानले : भाडेकरूने घरावरचा ताबा पूर्णपणे सोडलेला नाही, म्हणून ५५३ वे कलम त्यालाही लागू आहे. त्याआधी २०१४ मध्ये कॅनडाला गेलेल्या हॅम्बुर्गच्या भाडेकरूंना त्याच न्यायालयाने, मालकाने विनाकारण परवानगी नाकारली म्हणून, बुडालेल्या पोटभाड्यापोटी ७,४७५ युरो मिळवून दिले होते. कायदा भाडेकरूच्या विरोधात आहे अशी जी समजूत असते, ती त्यामुळे बरोबर नाही. नाव-गाव असलेल्या, काही काळ राहणाऱ्या माणसासाठी तो भाडेकरूच्या बाजूने बराच पुढे येतो.

मी हाच मार्ग घेतला. तांत्रिक विद्यापीठात संशोधनासाठी नुकत्याच आलेल्या एका मराठी मुलाला तात्पुरती जागा हवी होती. बाईंनी सांगितल्याप्रमाणे पत्रात त्याचे नाव, तो काय करतो ते, राहण्याचा नेमका कालावधी, माझ्या प्रवासाचे कारण आणि घराचा कोणता भाग माझ्याकडे राहणार हे लिहिले, आणि पत्र रजिस्टर टपालाने मालकाच्या व्यवस्थापन कंपनीला पाठवले. होकार लेखी आला, तोपर्यंत मुलाला किल्ली दिली नाही. ५५३ व्या कलमानुसार मालक अशा वेळी भाड्यात रास्त वाढ मागू शकतो. माझ्या मालकाने पाणी आणि कचऱ्यापोटी किरकोळ रक्कम मागितली, ती दिली. मिळालेल्या पोटभाड्यातून माझ्या भाड्याचा मोठा हिस्सा निघाला, नफा झाला नाही. कंपनीच्या हिरव्या आकड्याशी तुलना केली तर ही रक्कम निम्मीही नाही.

एकूण मूल्यमापन असे. घराची निगा, छायाचित्रे, पाहुण्यांशी संपर्क आणि हिशेबाची टापटीप यासाठी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. कायदेशीर माहितीसाठी शून्य देतो, आणि ‘जलद मार्गा’मुळे शून्याखाली जाता आले असते तर तेही दिले असते. ज्यांचे बर्लिनमध्ये स्वतःच्या मालकीचे घर आहे आणि ज्यांनी जिल्हा कचेरीची परवानगी स्वतः मिळवलेली आहे, त्यांना ही सेवा सोयीची आहे. २०१९ मधील एका निकालानंतर इमारतीतील इतर मालकांना केवळ बहुमताने अशा वापरावर बंदी घालता येत नाही, त्यामुळे त्यांची बाजू भाडेकरूपेक्षा भक्कम असते. तरीही त्यांनी करारातले भरपाईचे वाक्य खोडून घ्यावे आणि टपाल पाहण्याची व्यवस्था स्वतंत्र करावी. भाडेकरूंना मी ही सेवा घेण्याचा सल्ला देणार नाही. करार हातात ठेवूनच ज्यांना घर द्यायचे असेल, त्यांनी प्रवासाच्या निदान दोन महिने आधी मालकाला पत्र लिहावे; भाडेकरू संघटनेच्या सल्ल्याची वेळ ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर लवकर मिळत नाही, तीही आधीच ठरवून ठेवावी.